फ्रान्समध्ये दुपारचं जेवण: 12 चा स्लॉट घ्यावा, 1 चा की 1:30 चा?

फ्रान्सला जाताय आणि चांगल्या रेस्टॉरंटमध्ये दुपारचं टेबल बुक करायचंय तर आधी हे पक्कं करा, की वेबसाइटवर 12 ते 14 असं लिहिलेलं असेल तर साधारण 2 वाजेपर्यंत ऑर्डर द्यायची असते, 2 ला पोचायचं नसतं. त्यानंतर किचन बंद, ते थेट संध्याकाळी 7 - 7:30 ला उघडतं. सुट्टीत आपण निवांत अडीचला जेवायला बसतो ना, ते तिथे बऱ्याच ठिकाणी जमतच नाही.

12 - 12:15 चा स्लॉट मला सगळ्यात सेफ वाटतो, खासकरून आईबाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर. गर्दी अजून झालेली नसते, वेटरला बोलायला वेळ असतो, आणि त्या दिवसाची खास डिश म्हणजे प्ला द्यु जूर संपलेली नसते (दुपारी स्टार्टर-मेन किंवा मेन-डेझर्टचा जो स्वस्त सेट असतो, त्यात बहुतेक वेळा हीच असते). तोटा एकच, काही बिझी बिस्त्रोंमध्ये (छोट्या, साध्या रेस्टॉरंटमध्ये) एका टेबलावर दोन बॅच बसवतात, मग दीडच्या सुमारास उठावं लागतं. बुकिंग करताना तसं लिहिलेलं असतं, नीट वाचा.

12:30 ते 1 ही ऑफिसवाल्यांची वेळ. वातावरण मस्त असतं पण जागा पटकन भरतात आणि सर्व्हिस स्लो होते, त्यामुळे 2 ची ट्रेन असेल तर ही वेळ घेऊच नका.

1:30 चा स्लॉट पॅरिसमध्ये छान, तुमच्यानंतर त्या टेबलावर सहसा कोणी यायचं नसतं त्यामुळे कॉफीपर्यंत आरामात बसता येतं. पण खास डिश संपलेली असू शकते आणि मेट्रोत वीस मिनिटं अडकलात तर टेबलही जातं आणि किचनही. उशीर होतोय असं वाटलं की लगेच फोन करा, त्याची तिथे खरंच कदर होते. आणि छोट्या गावात, म्हणजे बर्गंडी किंवा दोर्दोन्यकडे फिरत असाल तर 1:30 विसरा, तिथे 12:15 च घ्या, नाहीतरी 12 ते 2 दुकानंही बरीचशी बंदच असतात.

मिशलिन स्टारवाल्या (मिशलिन गाइडने उत्तम जेवणासाठी स्टार दिलेल्या) जागेची हौस असेल तर दुपारच गाठा, आठवड्याच्या मधल्या दिवसांत अनेक ठिकाणी लंच मेन्यू असतो आणि तो डिनरपेक्षा बराच स्वस्त पडतो. तिथे 12:30 घ्या, जेवण दोन-अडीच तास चालतं. कार्ड नंबर मागतात, न कळवता गेला नाहीत तर पैसे कापू शकतात. रविवार-सोमवार बऱ्याच जागा बंद असतात तेही बघून घ्या.

आणि ज्या दिवशी म्युझियम आहे त्या दिवशी बुकिंगच नको असं माझं स्पष्ट मत आहे, लूव्रमध्ये 11 ला शिरून 12:30 ला जेवायला पोचायची धावपळ कशाला? त्या दिवशी दिवसभर किचन चालू असणारी ब्रासरी (मोठं, साधं रेस्टॉरंट) शोधा, बाहेर 'सेर्व्हिस कोंतिन्यू' अशी पाटी असते. किंवा पॅरिसच्या फोबूर मोंमार्त्र रस्त्यावरचं बुइयों शार्तिए हे रेस्टॉरंट, 1896 पासूनचं, तिथे बुकिंग घेतच नाहीत, रांगेत उभं राहायचं आणि आत जायचं. स्वस्त आहे आणि हॉल तर बघण्यासारखाच.

व्हेज असाल तर कुठलाही स्लॉट घ्या पण बुकिंगच्या नोटमध्येच मांस नको, मासे नको, अंडं चालेल की नाही, सगळं वेगवेगळं लिहा. नुसतं व्हेजिटेरियन लिहिलं तर मासे चालतील असं धरलं जाऊ शकतं आणि दुपारच्या छोट्या मेन्यूत ऐनवेळी दुसरं काही करून देणं त्यांना अवघड जातं.