जिन्याचा लाकडी कठडा: सुताराकडून घडवावा, तयार दांडे आणावेत, की लोखंडी गजांवर लाकडी हँडरेल?

कठडा करायचा ठरला की पहिला प्रश्न येतो तो लाकडाचा. माझ्या मते आधी दांड्यांमधली फट ठरवावी. आमच्या घरी पहिल्यांदा एका पायरीला एकच दांडा बसवला होता. दिसायला सुबक होता, पण मुलगी रांगायला लागली आणि दोन दांड्यांमधून तिचं डोकं सहज आरपार गेलं. त्या रात्री जाळी बांधली आणि पुढची दोन वर्षं ती सुटली नाही.

हिशेब सोपा आहे. पायरी १० इंच रुंद आणि दांडा २ इंच जाड असेल, तर एका दांड्याने ८ इंचांची फट राहते, दोन लावले तर ३ इंचांची. अमेरिकेत घरांच्या बांधकाम नियमांनुसार कठड्यातून ४ इंच व्यासाचा गोळा आरपार जाता कामा नये (जिन्याच्या उताराला किंचित सवलत आहे). तेच माप आपणही धरावं. म्हणजे १२ पायऱ्यांना २४ दांडे.

आता तिन्ही पर्याय या मापात बसवून पाहू.

सुताराकडून सागवानी कठडा. पायरीची उंची ७ इंच आणि कठडा पायरीच्या नाकापासून (पुढच्या कडेपासून) ३ फूट उंच धरला, तर हँडरेल साडेबारा फूट, ४ बाय ४ इंचांचे दोन खांब आणि २४ दांडे मिळून साधारण पावणेचार घनफूट लाकूड लागतं. कापणी-तासणीची घट धरून पाच. आपल्या गावच्या दराने गुणलं की आकडा समोर येतो. मोठा फायदा म्हणजे दांड्याच्या टोकाला कुसू (खाचेत बसणारी जीभ) काढून तो हँडरेलच्या खाचेत बसवता येतो. तो वर्षानुवर्षं खुळखुळत नाही. घेताना गाभ्याचं लाकूड मागा, कडेचा पांढरा भाग वाळवीला आवडतो. कोकणात फणसाचं जुनं, वाळलेलं लाकूड मिळत असेल तर तेही उत्तम. सुरुवातीला पिवळं दिसतं, मग तांबूस होत जातं.

तयार कातीव दांडे. हे बहुतेक रबरवूडचे (रबराच्या झाडाच्या लाकडाचे) किंवा पाइनचे असतात. काम चार दिवसांत उरकतं आणि नक्षी देखणी असते. पण एकाच पायरीवरचे दोन दांडे सारख्या लांबीचे नसतात. मागचा पुढच्यापेक्षा साडेतीन इंच लांब लागतो. खालून तेवढं कापलं की कातकामाची वळी वरखाली होतात आणि जिना चढताना ते डोळ्याला खुपत राहतं. शिवाय लांबी सव्वातीन फूट नसेल तर कठडा बुटका होतो. रबरवूडवर कीडरोधक प्रक्रिया झाली आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. पावसाची झड येणाऱ्या जिन्याला तर ते नकोच.

लोखंडी गज आणि वर सागवानी हँडरेल. लाकूड निम्म्याहून कमी लागतं आणि हाताला स्पर्श लाकडाचाच मिळतो. मात्र १६ मिलीमीटरचा चौकोनी गज पायरीला दोन लावला तर फट ४.४ इंच होते, म्हणून तीन लावा. वेल्डरकडे तेवढा आग्रह धरावाच लागतो.

घरात लहान मूल किंवा गुडघे दुखणारं माणूस असेल आणि पैशाची सोय असेल, तर मी पहिला पर्याय घेईन, तोही साध्या चौकोनी दांड्यांचा. हात आखडता असेल तर तिसरा. दुसरा फक्त कोरड्या, घरातल्या जिन्याला.

पॉलिशबद्दल थोडक्यात: पीयू (पॉलियुरेथेन) जास्त टिकतं, पण ओरखडा पडला तर पूर्ण पट्टा घासावा लागतो. लाखेचं पॉलिश जागच्या जागी दुरुस्त होतं, पण ओल्या हाताचे डाग धरतं.

यांतलं काहीही निवडलं तरी जिन्याच्या तोंडाचा खांब फरशीवर पट्टीने बसवू देऊ नका. तीन फुटांवरून ढकललं की सगळा जोर बुडाशी येतो आणि वर्षभरात तो हलू लागतो. अर्ध्या इंचाचा आटेदार रॉड काँक्रीटमध्ये चार इंच खोल, केमिकल अँकरने (भोकात भरून घट्ट होणाऱ्या रसायनाने) बसवा. स्लॅबवर विटांच्या पायऱ्या केल्या असतील तर वीट रॉड धरत नाही, खालच्या स्लॅबपर्यंत जावं लागतं. आणि ग्रॅनाइटला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद करायला सांगा, आणि भोक कडेपासून दोन इंच आत घ्या.