टेनिस स्कॉलरशिप की आयव्ही लीग: अमेरिकेत खेळून हाती काय पडतं?

अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना आता थेट पैसे मिळतात, हे खरं आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाउस’ खटल्यातली, म्हणजे कॉलेज खेळाडूंनी कमाईतला वाटा मागणाऱ्या दाव्यातली, तडजोड मंजूर केली. त्यामुळे २०२५-२६ पासून विद्यापीठं आपल्या खेळाडूंना पैसे वाटू शकतात; पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. पण पुण्या-मुंबईहून रॅकेट घेऊन निघालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरच्यांनी हा आकडा हिशेबात धरू नये.

कारण वाटप असं चालतं: बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत साधारण ७५ टक्के (अमेरिकन) फुटबॉलला, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के महिलांच्या बास्केटबॉलला आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्या खेळांना. टेनिस त्या बाकीच्यांत. यात अन्याय आहे का? माझ्या मते टेनिसवाल्यावर फारसा नाही, त्याच्या खेळातून कॉलेजला कमाई जवळपास नसतेच. अन्याय झाला तो फुटबॉलवाल्यांवर. कोच वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर घेत असताना त्यांची बोळवण वर्षानुवर्षं फी आणि राहण्या-जेवणावर झाली.

आपल्या मुलांची अडचण वेगळीच आहे: एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. या व्हिसावर खास परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करून कमावता येत नाही. खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करण्याची मुभा १ जुलै २०२१ पासून मिळाली, तरी पर्ड्यू विद्यापीठाचा कॅनेडियन बास्केटबॉलपटू झॅक ईडी, २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरूनही, या कमाईपासून जवळजवळ लांबच राहिला. तेव्हा परदेशी खेळाडूचा खरा मोबदला म्हणजे माफ झालेली फी. निवड करायची ती त्यावरच.

डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, ही माफी खेळाच्या बदल्यात मिळते. पूर्वी पुरुषांच्या टेनिस संघाला एकूण साडेचार स्कॉलरशिप असत, महिलांच्या संघाला ८. त्यामुळे मुलग्यांच्या वाट्याला अर्धी-पाव यायची. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत आता ही मर्यादा गेली; संघात जास्तीत जास्त १० जण, आणि सगळ्यांना पूर्ण स्कॉलरशिप देण्याची परवानगी. परवानगी, सक्ती नव्हे! फुटबॉलचं बिल वाढलं की कात्री छोट्या खेळांना लागते. शिवाय राहण्या-जेवणाच्या रकमेवर परदेशी विद्यार्थ्याचा साधारणपणे १४ टक्के कर कापला जातो. सीझनमध्ये सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण प्रवास त्यात धरत नाहीत. इंजिनिअरिंगची लॅब दुपारी आणि सरावही दुपारी, हा तिढा ठरलेला.

तरीही प्रो व्हायचं स्वप्न असेल तर हाच रस्ता. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून खेळताना २००७ आणि २००८ मध्ये एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) एकेरीचा विजेता ठरला. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे रोहन बोपण्णाबरोबर हांगझौ एशियाडचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. असे कोर्ट, कोच आणि दर आठवड्याच्या मॅचेस स्वखर्चाने परवडणारी घरं आपल्याकडे थोडी.

आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, डार्टमथ अशा आठ नामांकित विद्यापीठांचा गट, हीही डिव्हिजन वनमध्येच आहे, पण तिथं खेळाची स्कॉलरशिप १९५४ च्या करारापासून नाही, आणि नव्या तडजोडीतूनही ही कॉलेजं बाहेर राहिली. मदत मिळते ती घरचं उत्पन्न पाहून. हार्वर्डमध्ये वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न आणि सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या कुटुंबाला फी, राहणं, जेवण सगळं मोफत. रुपयांत ही मर्यादा पाऊण कोटीच्या वर जाते, म्हणजे आपली बहुतेक पगारदार घरं त्यात बसतात. कोचने नाव सुचवलं की प्रवेशाला जोर मिळतो, आणि दुसऱ्या वर्षी खांदा गेला किंवा खेळाचा कंटाळा आला तरी मदत तशीच राहते. मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. तिथले खेळाडू मात्र खूश आहेत असं नाही: डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार युनियनच्या बाजूने कौल दिला, वर्षअखेरीस अर्ज मागे घेण्यात आला.

डिव्हिजन थ्रीतही खेळाची स्कॉलरशिप नाही. एमआयटी याच गटात येते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

थोडक्यात, मार्क उत्तम, उत्पन्न बेताचं आणि टेनिस आवडीचं असेल तर आधी आयव्हीला अर्ज करा. आई-वडील दोघं डॉक्टर, वर दोन फ्लॅट असतील तर तिथं मदत तुटपुंजी मिळेल आणि वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जाईल. मग डिव्हिजन वनची पूर्ण स्कॉलरशिप सरस. अर्धीच मिळत असेल तर उरलेली अर्धी रक्कम रुपयांत मांडून बघा, मगच होकार द्या.

कोच व्हॉट्सअॅपवर ‘फुल राइड’ (पूर्ण स्कॉलरशिप) म्हणाला तरी करारपत्र मागवा. किती टक्के, किती वर्षं, आणि संघातून नाव कमी झालं तर स्कॉलरशिप राहते का, हे त्यातच वाचायचं.