सिमचं कुलूप उघडायला दिलं, फोन रूट होऊन परत आला

परदेशातून मुलाने, भाच्याने, जावयाने आपला वापरलेला फोन आणून दिला, त्यात इथलं सिम घातलं आणि स्क्रीनवर 'सिम नेटवर्क अनलॉक पिन' मागणारी चौकट आली, असं घरात घडलं असेल तर फोन घेऊन बाजारात जाण्याआधी हे वाचा. इचलकरंजीत माझ्या मामांचे साडेतीन हजार रुपये यात गेले. पैसे एक वेळ गेले असं समजू. पण फोनमध्ये जे करून ठेवलं, त्यातलं काही आता कुणालाच पूर्ववत करता येणार नाही.

मामांचा मुलगा लेस्टरला असतो. २०१९ साली त्याने तिथे एका मोबाइल कंपनीच्या मासिक करारावर सॅमसंगचा गॅलेक्सी एस१० घेतला, हप्ते केव्हाच फेडले, नवा फोन घेतल्यावर जुना दिवाळीला येताना वडिलांसाठी आणला. फोन चकाचक. घरच्या वायफायवर सगळं चालायचं, कॅमेरा तर मामांच्या जुन्या फोनपेक्षा कितीतरी भारी. नातीच्या बारशाचे सगळे फोटो त्यावरच काढले होते. फक्त इथलं सिम घेत नव्हता. दादा परत गेला आणि मामा फोन घेऊन स्टँडकडच्या एका दुकानात गेले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे नेटवर्कचं कुलूप असलेले फोन फारसे कुणी पाहिलेले नाहीत. आपण फोन एका दुकानातून घेतो, सिम दुसऱ्याकडून. पूर्वी सीडीएमए या जुन्या मोबाइल तंत्रावर सेवा देणाऱ्या कंपन्यांचे हँडसेट त्यांच्याच सेवेवर चालायचे, २०१७ चा जिओफोन जिओचंच सिम घ्यायचा, एवढीच काय ती ओळख. ब्रिटन-अमेरिकेत मात्र कंपनी फोन करारावर किंवा हप्त्यांवर देते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून फोनला स्वतःच्या नेटवर्कचं कुलूप घालते. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने डिसेंबर २०२१ पासून असे फोन विकायला बंदी घातली. त्याआधी ईई, टेस्को मोबाइल, व्होडाफोन कुलूपबंद फोन विकत, तर ओटू, थ्री, स्काय मोकळे विकत. म्हणजे तिथून आलेला फोन डिसेंबर २०२१ च्या आधीचा असेल तर कुठल्या कंपनीचा ते आधी विचारा. कॅनडात डिसेंबर २०१७ पासूनच नवे फोन मोकळे द्यावे लागतात. अमेरिकेत कुलूप आजही सर्रास असतं. २०१४ च्या कायद्याने ते उघडून घ्यायची मुभा ग्राहकाला आहे, पण हप्ते थकलेले असतील तर कंपनी दाद देत नाही.

आपल्या बाजारातल्या दुकानदाराला रोज भेटणारी कुलपं वेगळीच. कुणी पॅटर्न विसरलेला, कुणी जुना फोन घेतलाय आणि त्यात आधीच्या मालकाचं गुगल खातं अडकलंय. त्याला 'लॉक तोडायचंय' म्हटलं की त्याच्या डोक्यात हेच येतं. यात बेइमानी नाही. बेइमानी पुढे सुरू होते.

काउंटरवरच्या पोराने फोन हातात घेतला, ती चौकट पाहिली आणि म्हणाला, "काका, सोपं काम आहे. सॉफ्टवेअर मारून फुल ओपन करून देतो. साडेतीन हजार." मामांनी विचारलं, आतलं काही जाणार नाही ना? "काय नाही हो जात." संध्याकाळी फोन परत मिळाला तो कोरा करकरीत. फोटो गेलेले. सुरू करताना नवीनच एक काळा पडदा यायचा, त्यावर इंग्रजीत इशारा, की या फोनमध्ये सॅमसंगचं अधिकृत सॉफ्टवेअर चालू नाही. मामांनी ते दाखवलं तर पोरगा म्हणाला, "ते येतंच, ओपन फोनला येतं. बटण दाबायचं, पुढे जायचं." मग त्याने एक अ‍ॅप उघडून दाखवलं, त्यात मोठी हिरवी खूण. "हे बघा, रूट सक्सेस. आता फोन तुमच्या बापाचा." सिम? "टॉवर यायला चोवीस तास लागतात."

ती हिरवी खूण खरी होती. फोन खरंच रूट झाला होता. फक्त मामांनी मागितलेल्या कामाशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

नेटवर्कचं कुलूप फोनच्या मोडेममध्ये, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागात, असतं. प्रत्येक सिमला एक लांबलचक क्रमांक असतो आणि त्याच्या सुरुवातीला देशाचा व कंपनीचा आकडा येतो. ब्रिटनच्या सिमचा २३४ ने सुरू होतो, भारताचा ४०४ किंवा ४०५ ने. मोडेम तो आकडा वाचतो, आपल्याला परवानगी असलेल्या कंपनीचा नसेल तर कोड मागतो. तो कोड त्या एका फोनच्या आयएमईआयला, म्हणजे प्रत्येक फोनला असणाऱ्या ओळख क्रमांकाला, जोडलेला असतो आणि ज्या कंपनीने कुलूप घातलं तिच्याकडे मिळतो. तो भरला की काम संपलं. फोटो जात नाहीत, अ‍ॅप जात नाहीत, सुरू करताना कसलाही इशारा येत नाही.

रूट करणं म्हणजे अँड्रॉइडमध्ये सर्वाधिकारी वापरकर्ता होणं. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्स आहे आणि लिनक्समध्ये 'रूट' या वापरकर्त्याला काहीही करता येतं, एरवी झाकून ठेवलेल्या फाइली उघडता-बदलता येतात. हौशी मंडळी हे जाणूनबुजून करतात, मॅजिस्कसारखी साधनं त्यासाठीच आहेत, आणि आपला फोन आपल्या हिमतीवर रूट करणाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, मोकळा करावा लागतो आणि तो मोकळा करताना फोन सगळा डेटा पुसून टाकतो. सुरक्षेसाठीच तशी रचना आहे. पोराला हे माहीत नसणं शक्य नाही, कारण पुसण्याची सूचना स्क्रीनवर येते आणि होकार दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. आणि एवढं करूनही मोडेम आपल्या जागी तसाच, मामांचं सिम नाकारत बसलेला.

मामीला हे सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दाराचं कुलूप काढायला गवंडी बोलावला आणि तो माजघराची भिंत पाडून गेला." याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

रूट केलं की कुलूप निघतं हा समज कुठून आला, तेही शोधलं. २०१० च्या पहिल्या गॅलेक्सी एसमध्ये कुलपाची माहिती एका साध्या फाइलीत असायची. रूट झालं की ती फाइल वाचता यायची, त्यामुळे तेव्हा रूट करून कुलूप काढणारे होते. पुढच्या फोनमध्ये ही पळवाट बुजली. जुन्या काळची ही अर्धी गोष्ट अजून बाजारात फिरते आणि काही दुकानदार ती पुरी म्हणून विकतात.

चोवीस तासांनी टॉवर आला नाही. पोरगा म्हणाला सिम जुनं आहे, बदलून आणा. मामांनी कंपनीच्या गॅलरीत जाऊन नवं सिम आणलं. ढिम्म. दरम्यान दुसरंच संकट आलं. मामांचे यंत्रमाग आहेत, सूतवाल्याचे पैसे, कामगारांचा आठवड्याचा पगार, सगळं मोबाइलवरून. सिम जुन्या फोनमध्ये ठेवून त्यांनी बँकेचं अ‍ॅप नव्या फोनवर टाकलं तर ते उघडेना. 'हे उपकरण रूट केलेलं आहे' म्हणून बंद. बँकांची अ‍ॅप असे फोन नाकारतात त्याला कारण आहे. रूट असलेल्या फोनमध्ये एखाद्या अ‍ॅपला सर्वाधिकार मिळाले तर ते दुसऱ्या अ‍ॅपच्या पोटात डोकावू शकतं. मामांच्या फोनवर मॅजिस्कच्या जोडीला आणखी एक 'क्लीनर' होता, प्ले स्टोअरबाहेरून टाकलेला, आणि त्याला रूटचे अधिकार देऊन ठेवले होते. तो कशाला टाकला, याचं उत्तर दुकानात कुणीही दिलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटली.

मामा पैसे परत मागायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. मालक स्वतः आला, चहा मागवला आणि हळूच म्हणाला, "काका, या फोनचा आयएमईआय बाहेरचा आहे ना, म्हणून अडतंय. आणखी दोन हजार द्या, इथला टाकून देतो." हे ऐकलं की तिथून उठायचं. आयएमईआय बदलल्याने कुलूप निघत नाही, उलट कंपनी देणार असलेला कोड ज्या क्रमांकावर अवलंबून तोच क्रमांक गमावून बसतो. आणि तो गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. फोन ज्याच्या खिशात सापडेल त्याला आधी उत्तर द्यावं लागणार, दुकानदाराला नाही.

शेवटी काम झालं ते लेस्टरहून. दादाने आपल्या जुन्या कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. जुना मोबाइल नंबर, *#०६# दाबून मिळालेला पंधरा आकडी आयएमईआय, एवढंच मागितलं. काही दिवसांत ईमेलवर कोड आला, एक पैसाही न घेता. तो टाकण्याआधी कोल्हापुरातल्या एका ओळखीच्या कारागिराने फोनमध्ये सॅमसंगचं मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरलं आणि बूटलोडर बंद केला. हा माणूस वर्षानुवर्षं बॉक्स, म्हणजे फोनचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं यंत्र, लावून सरळ काम करतो. सगळे दुकानदार चोर नसतात, हेही म्हटलं पाहिजे. त्याने बजावलं ते लक्षात ठेवण्याजोगं आहे: कोडच्या चौकटीत अंदाजाने आकडे भरू नका. ठरावीक वेळा चुकलं की फोन कोड घेणंच बंद करतो आणि मग ते सोडवायला वेगळा कोड लागतो. सुदैवाने त्या पोराने तेवढे प्रयत्न केले नव्हते.

कोड टाकला, रेंज आली, बँकेचं अ‍ॅपही चालू झालं. नॉक्स, म्हणजे सॅमसंगची फोनमधली सुरक्षा व्यवस्था, मात्र गेलं ते गेलं. सॅमसंगच्या फोनमध्ये एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. अनधिकृत सॉफ्टवेअर भरलं की तो उडतो, नोंद शून्याची एक होते आणि मूळ सॉफ्टवेअर घातलं तरी परत शून्य होत नाही. त्यामुळे सिक्युअर फोल्डर, म्हणजे कागदपत्रं आणि फोटो वेगळ्या कुलपात ठेवायची सोय, या फोनवर आता कधीच चालणार नाही. पुढे फोन विकायला काढला तरी जाणकार घेणारा डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर भरायच्या खास पडद्यावर, ती नोंद पाहील आणि भाव पाडेल. बारशाचे फोटो तर परत यायचे नाव नाही. काही पाहुण्यांच्या मोबाइलवर होते तेवढे मागवून घेतले.

तुमचा फोन असाच दुकानातून आला असेल आणि शंका असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' खाली प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्राची ओळ असते. तिथे उपकरण प्रमाणित नाही असं दिसलं, किंवा सुरू होताना इशाऱ्याचा पडदा येत असला, तर त्या फोनवर बँकेचं काहीही करू नका. प्रमाणित दिसलं म्हणून निर्धास्तही राहू नका, रूट लपवण्याच्याही युक्त्या आहेत. परदेशी फोन इथे कुणाकडून विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी आपलं सिम त्यात घालून कुणाला तरी फोन लावून बघा. वायफायवर यूट्यूब चालतंय याला काही अर्थ नाही. आणि आयएमईआय काळ्या यादीत वगैरे नाही ना हे केवायएम, जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवून कळतं. इंटरनेटवर आयएमईआय मागून कोड विकणारेही पुष्कळ आहेत. त्यातले काही खरे असतीलही, पण मूळ कंपनी देत असताना त्यांच्या दारात आगाऊ पैसे कशाला ठेवायचे? मूळ खरेदीदार संपर्कात असेल तर त्यालाच अर्ज करायला सांगा. अजून तो तिथेच असेल तर भारतात येण्याआधीच सांगा.

पैशांचं म्हणाल तर मालक आधी बधत नव्हता. पावतीवर त्याने 'सॉफ्टवेअर काम, गॅरंटी नाही' एवढंच खरडलं होतं. पण पोराने मामांना पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश होता, 'काका फोन अनलॉक झाला, जिओ एअरटेल सगळं चालेल'. तो मामांच्या जुन्या फोनवर शाबूत होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्या संदेशाच्या चित्रासह मालकाला पाठवला. दोन हजार परत आले. उरलेल्या दीड हजारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं मामांच्या मनात आहे, मामी नको म्हणते आहे.