अ‍ॅव्हरेज बघायचं की ओपीएस? बेसबॉलचा बॅटर जोखताना

क्रिकेट बघत मोठे झालेलो आपण, त्यामुळे बेसबॉलचा स्कोअर उघडला की आधी डोळा अ‍ॅव्हरेजवर जातो. पण इथलं अ‍ॅव्हरेज म्हणजे हिट (बॉल मारून बेसवर पोहोचणं) भागिले अ‍ॅट-बॅट (बॅटिंगची हिशोबात धरलेली पाळी), एवढंच. सिंगल (एकच बेस) मारा की होमर (चारही बेस, म्हणजे थेट रन), दोन्ही एकच हिट, आणि वॉक (चार खराब बॉलवर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला तर तो मोजतच नाहीत.

२०२३ चा सीझन घ्या. मायामीचा लुईस अराएझ ०.३५४, नॅशनल लीगमध्ये (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) पहिला. फिलाडेल्फियाचा काइल श्वार्बर ०.१९७, वर २१५ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन आऊट), म्हणजे काढा टीमबाहेर असंच वाटणार ना? आता पुढचं बघा, अराएझच्या हिट २०३ आणि श्वार्बरच्या फक्त ११५, पण श्वार्बरने ४७ होमर मारले आणि १२६ वॉक घेतले, अराएझचे होमर १० आणि वॉक ३५. ऑन-बेस (किती वेळा बेसवर पोहोचला, वॉक धरून) ०.३९३ विरुद्ध ०.३४३, इथे अराएझ पुढेच. स्लगिंग (हिटमधून दर पाळीमागे किती बेस) मात्र ०.४६९ विरुद्ध ०.४७४, जवळपास अर्ध्या हिट असूनही श्वार्बर वर! दोन्हींची बेरीज म्हणजे ओपीएस, ०.८६१ आणि ०.८१७. त्या वर्षी अराएझच भारी होता हे मान्य, पण अ‍ॅव्हरेज बघून वाटतं तेवढा फरक अजिबात नव्हता.

२०२४ मध्ये तर उलटंच झालं. अराएझ ०.३१४ मारून परत बॅटिंग चॅम्पियन, ओपीएस ०.७३९. श्वार्बर ०.२४८, ओपीएस ०.८५१. मी तरी श्वार्बर घेईन, डोळे झाकून.

आरबीआय (बॅटरच्या फटक्यावर आलेले रन) सोडूनच द्या, होमर सोडला तर पुढचे लोक बेसवर असतील तरच ते मिळणार.

टीमच्या बाबतीत तर अ‍ॅव्हरेज जास्तच फसवतं. २०२३ ची मायामी टीम ०.२५९ मारत होती, मिनेसोटा ०.२४३. रन कुणाचे जास्त? मिनेसोटा ७७८, मायामी ६६६! कारण मिनेसोटाचे होमर २३३ आणि मायामीचे १६६. सिंगलवर सिंगल मारत बसलात तर एक रन यायला तीन-चार जणांना लागोपाठ जमावं लागतं, आणि ते रोज कुठे जमतं.

ओपीएसलाही खोट आहे. ऑन-बेस आणि स्लगिंग समान धरतो, खरं तर रन काढायला ऑन-बेसचं वजन जास्त. शिवाय मैदान बघत नाही. कोलोरॅडो टीमचं शहर डेन्व्हर साधारण १६०० मीटर उंचावर, हवा विरळ, बॉल लांब जातो, म्हणून कोलोरॅडोचे बॅटर कागदावर फुगलेले दिसतात. तिथे ओपीएस प्लस बघायचं, त्यात मैदान आणि लीग दोन्ही धरतात, १०० म्हणजे सरासरी.

फक्त तुमच्या फॅन्टसी लीगमध्ये अ‍ॅव्हरेजचे वेगळे पॉइंट असतील तर अराएझ घ्या बाबा, तिथे श्वार्बर बुडवेल.