कीपॅडचा फोन की स्मार्टफोन: खिशात कोणता असावा?

जळगावात नोकरी आणि गावाकडे थोडी शेती असलेल्या माझ्यासारख्या माणसाने स्मार्टफोन वापरावा की कीपॅडच्या साध्या फोनवर यावे, हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवत होतो. दीड वर्षापासून खिशात कीपॅडचा फोन असतो आणि स्मार्टफोन घरी कपाटात. ज्यांचे अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी माझा अनुभव मांडतो.

माझा निर्णय एका परवानगीने झाला. हप्त्यांवर फ्रीज घेताना एक कर्जाचे ॲप फोनमध्ये घ्यावे लागले. त्याने सगळे साठवलेले नंबर पाहण्याची परवानगी मागितली आणि मागे गिऱ्हाईक खोळंबले होते म्हणून मी न वाचताच होकार दाबला. पुढे एक हप्ता चार दिवस लांबला, तेव्हा वसुलीचा फोन माझ्याआधी पारोळ्याच्या माझ्या शाळासोबत्याला गेला. रात्री त्याने विचारले, "भो, मना नंबर तूच दिधा का?" त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागले. कर्ज देणाऱ्या ॲपनी संपर्कयादीला आणि कॉलच्या नोंदींना हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे. तरीही माझे एक बोट टेकले आणि ज्यांना मी काहीच विचारले नव्हते, त्या सगळ्यांचे नंबर परक्याच्या हाती गेले. नंबर कीपॅडच्या फोनातही असतात, पण ते मागणारे ॲप तिथे नसते.

अर्थात कीपॅडचा फोन म्हणजे पूर्ण गुप्तता, असे कोणी समजू नये. तुम्ही कोणत्या टॉवरजवळ आहात हे मोबाईल कंपनीला कळतेच. साधा एसएमएस वाटेत वाचता येण्यासारखा असतो. व्हॉट्सॲपवरील मजकूर मात्र २०१६ पासून दोन टोकांच्या माणसांनाच वाचता येईल असा कुलूपबंद असतो. नाजूक विषय लिहूनच बोलायचे असतील, तर या बाबतीत स्मार्टफोन सरस आहे.

कामाचे म्हणाल, तर ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे शेतातल्या पिकाच्या सरकारी नोंदीसाठी, उभ्या पिकाचा फोटो ॲपमधून काढावा लागतो, तिथे कीपॅडचा फोन चालत नाही. एका फोनवरून दुसऱ्या शेतकऱ्याचीही नोंद करता येते, म्हणून बांधाला बांध असलेल्या भाऊंनी ती अडचण निभावून नेली. पैसे पाठवायला २०२२ पासून यूपीआय १२३पे ही साध्या फोनवर चालणारी सेवा आहे. त्यात सूचना ऐकत एकेक आकडा दाबावा लागतो. किराण्याच्या दुकानात मी सरळ रोख देतो.

मैत्रीचे पारडे ठरवणे मला सर्वांत अवघड गेले. पहिल्या हिवाळ्यात शेतातली भरीत पार्टी चुकली, कारण निरोप ग्रुपवर आला होता. आसोद्याची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याच्या पुऱ्या, हे सगळे मला तीन दिवसांनी कळले आणि खरोखर वाईट वाटले. दुसऱ्या वर्षी त्याच पारोळ्याच्या मित्राने फोन केला; वांगी किती आणायची यावरून बोलणे सुरू झाले आणि त्याच्या वडिलांच्या गुडघ्यापर्यंत पोहोचले. ग्रुपवर ते गुडघ्याचे दुखणे मला कधीच कळले नसते, असे वाटते.

ज्यांचा धंदाच फोटो आणि ऑर्डरींवर चालतो, त्यांनी स्मार्टफोन सोडू नये. इतरांनी महिनाभर सिम कीपॅडच्या फोनात घालून पाहायला हरकत नाही. फोन ४जीचा घ्यावा, कारण प्रत्येक कंपनीचे सिम २जीवर चालतेच असे नाही. सिम काढण्यापूर्वी जवळच्या पाच-सहा जणांना स्वतः फोन करून सांगावे, जे मी केले नव्हते.