मॅग्नेटवाला लॅनयार्ड किल स्विच: डर्ट बाईकवर वापरून काय वाटलं

हळू स्पीडचं अवघड राईडिंग करत असाल, म्हणजे दगड, उभे चढ, झाडांची मुळं, चिखल, एकट्याने गाडी उचलायची वेळ येते असलं सगळं, तर हा स्विच घ्याच, असं माझं स्पष्ट मत झालंय. फास्ट मोटोक्रॉसवाल्यांना, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उंच जंप मारत रेस करणाऱ्यांना, मात्र मी इतक्या खात्रीने सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, ट्रेडमिलवर लाल दोरीचा चिमटा कपड्याला लावतात ना तीच आयडिया. हँडलबारवर छोटा स्विच, त्याच्यावर मॅग्नेटची टोपी, टोपीला स्प्रिंगसारखी वळलेली दोरी आणि दोरीचं दुसरं टोक तुमच्या मनगटाला. तुम्ही गाडीवरून फेकले गेलात की टोपी सुटते आणि इंजिन बंद. ट्रायल्सच्या, म्हणजे दगड-चढांवरून हळू स्पीडने तोल सांभाळत जायच्या स्पर्धेच्या, गाड्यांवर हा बहुतेक वेळा कंपनीतूनच बसवून येतो, एफआयएमच्या (मोटरसायकल रेसिंगची जागतिक संघटना) ट्रायल स्पर्धांत तर दोरी अंगाला अडकवणं कंपल्सरीच आहे. बोटींवर पण असाच असतो, अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोटींना, थोडे अपवाद सोडले तर, तो वापरायचा नियमच आहे. ऑफ-रोड बाईकवाले मात्र अजून याला ॲक्सेसरी समजतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

हँडलवर इंजिन बंद करायचं किल बटण आहे की मग हे कशाला, असं बरेच जण विचारतात. अहो पण ते बटण दाबायला अंगठा हँडलवर पाहिजे ना! चढावर पुढचं चाक उचललं की अंग मागे जातं, अंग मागे गेलं की उजवी मूठ आपोआप अजून पिळली जाते, त्याने गाडी अजून उचलते आणि दोन सेकंदात गाडी एकीकडे आणि माणूस एकीकडे. मग आडव्या पडलेल्या गाडीचं थ्रॉटल मातीत दाबलं गेलं किंवा वाकलेल्या हँडगार्डने धरून ठेवलं तर मागचं चाक गरागरा फिरतच राहतं, आणि नेमका त्याच वेळी कोणीतरी मदतीला धावत येऊन जिथे हात मिळेल तिथे गाडी धरतो. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट गेलं तर काय होतं ते सांगायची गरज नाही. इंजिनाचंही नुकसान आहेच, फोर स्ट्रोक गाडी आडवी पडून रेस होत राहिली तर पंपापर्यंत ऑइल नीट पोचत नाही. बऱ्याच मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांना टिप ओव्हर सेन्सर असतो, तो चांगलाच आहे, पण तो गाडी आडवी झाल्यावर काम करतो, गाडी उभ्याने माणसाशिवाय निघाली तर त्याला काही कळत नाही.

मॅग्नेटवाला का, तर चिमट्याचा प्रकारही मी वापरलाय. त्यात बटणाच्या खाली प्लास्टिकचा दोन पायांचा चिमटा सरकवायचा, चिमटा निघाला की स्प्रिंगने बटण आत जातं. फांदी लागून तो सहसा निघत नाही ही जमेची बाजू, पण ओढ तिरकी आली तर चिमटा अडकतो, आणि चिखल सुकून बसला की बटणच जड होतं. मॅग्नेटची टोपी कुठल्याही बाजूने ओढली तरी सुटते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्रास एकच, काळ्या वाळूत लोखंडाचे कण असतात ते मॅग्नेटला चिकटून बसतात आणि टोपी नीट टेकत नाही, मग इंजिन मिसफायर झाल्यासारखं वागतं आणि आपण कार्ब्युरेटर उघडून बसतो. आधी टोपी पुसून बघा.

दोरीची लांबी हा खरा विषय आहे आणि यावर लोक अजिबात वेळ घालवत नाहीत. फूटपेगवर उभे राहा, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा, अंग पूर्ण मागे नेऊन बघा, एवढं करून टोपी जागेवर राहिली पाहिजे, पण हात हँडलपासून सुटून थोडा लांब गेला की निघालीच पाहिजे. दोरी लांब ठेवली तर ती क्लच लिव्हरमध्ये अडकते, आखूड ठेवली तर अरुंद वळणावर इंजिन बंद पडतं आणि मग लोक वैतागून दोरी काढून हँडललाच गुंडाळून ठेवतात.

मनगट की कंबर, हाही प्रश्न येतो. मनगटाला बांधली तर तुम्ही घाबरून हँडल घट्ट धरून ठेवलंत तोपर्यंत टोपी निघणारच नाही, मूठ पिळलेली असेल तरीही, ही या वस्तूची मर्यादा आहे आणि म्हणून एक बोट कायम क्लचवर पाहिजेच. बेल्टला लावली तर अंग मागे गेल्या गेल्या सुटते, पण उताराला आपण मुद्दाम मागे सरकतो तेव्हाही सुटते. मी डाव्या मनगटाला, ग्लोव्हच्या वरून बांधतो, सीटवरून उतरून गाडी ढकलतानाही ती तशीच राहते. इलेक्ट्रिक डर्ट बाईकवाल्यांनी तर गाडी ढकलताना नक्कीच ठेवावी, आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे हे विसरायला होतं आणि बऱ्याच मॉडेलना क्लचही नसतो.

सुरुवातीला फास्ट मोटोक्रॉसवाल्यांबद्दल बोललो ते एवढ्यासाठी, हवेत असताना टोपी सुटली आणि गाडी गिअरमध्ये असेल तर मागचं चाक एकदम मंदावतं, गाडीचं नाक खाली जातं. तिथे हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

स्विच घेण्याआधी गाडीचं वायरिंग नीट समजून घ्या, इथे बॉक्सवर फारच कमी माहिती देतात. सीडीआयवाल्या (कपॅसिटरमधून स्पार्क देणारं इग्निशन) साध्या डर्ट बाईकमध्ये किल वायर अर्थला टेकली की स्पार्क बंद होतो, म्हणजे टोपी निघाल्यावर सर्किट जोडणारा स्विच पाहिजे. बॅटरीवरच्या बऱ्याच फ्युएल इंजेक्शन गाड्यांत उलट असतं, किल स्विच बारा व्होल्टच्या लाईनमध्येच असतो, तिथे टोपी निघाल्यावर सर्किट तोडणारा पाहिजे. चुकीचा आणला तर टोपी काढल्यावरच गाडी चालू होईल. मल्टीमीटर लावून दोन मिनिटांत कळतं. आणि अर्थवाल्या प्रकारात एक धोका लपलेला आहे, वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला तर गाडी मस्त चालत राहते आणि तुमचा स्विच मेलाय हे तुम्हाला कळतच नाही, म्हणून प्रत्येक राईडच्या आधी इंजिन चालू करून दोरी ओढून बघायचीच, यात कंटाळा नको.

बसवायला सोपा आहे, क्लॅम्प २२ मिमीचा येतो आणि टेपर्ड बार (मध्ये जाड, टोकांना बारीक) असला तरी ग्रिपच्या बाजूला जाडी तेवढीच असते. गाडीच्या मूळ वायरी कापण्यापेक्षा मध्ये लागणारा कनेक्टर मिळाला तर तोच घ्या. मॅग्नेटची एक एक्स्ट्रा टोपी टूल बॅगेत ठेवा, हरवली तर अर्थवाला स्विच कनेक्टर काढून बायपास होतो, पण दुसऱ्या प्रकारात दोन वायरी जोडाव्या लागतात आणि ते काम अंधारात, ओल्या हातांनी करणं फार जिकिरीचं होतं.