वाशिष्ठीची एक दिवसाची सफर: चिपळूणकडून की दाभोळकडून?

वाशिष्ठी नदी एकच, पण तिची सफर दोन टोकांनी होते. चिपळूणकडून गोवळकोटच्या बाजूने होडी निघते. त्यात मगरी, कांदळवन, खाडीकाठच्या वाड्या, आणि जोडीला गाडीने सवतसडा धबधबा व परशुरामाचं देऊळ. दाभोळकडून खाडीत तास-दोन तासांची फेरी, चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ आणि मग रस्त्याने पन्हाळेकाजीची लेणी.

धबधब्याचं आधी उरकून घेऊ. सवतसडा पावसाळ्यात जोरात असतो आणि पावसाळ्यात खाडीतल्या सफरी बंद असतात. दोन्ही हवं असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा एवढीच फट मिळते. डिसेंबरच्या सफरीत धबधबा लिहिलेला असेल तर ओला कातळ बघायची तयारी ठेवावी. नदीचं मात्र तसं नाही. कोयनेचं पाणी वीज करून झालं की वाशिष्ठीत सोडतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही ती इतर कोकणी नद्यांसारखी आटत नाही.

खरी अडचण भरती-ओहोटीची, आणि ती चिपळूणच्या बाजूला जास्त नडते. वरच्या खाडीत गाळ फार. ओहोटीला मधल्या पुळणी उघड्या पडतात, धक्क्यापाशी नुसता चिखल राहतो आणि होडी रुतली तर पाणी चढेपर्यंत बसून राहायचं. गंमत अशी की मगर दिसते तीही ओहोटीलाच. थंडीत ती ऊन खायला चिखलाच्या काठावर येते. भरतीत काठ बुडाला की मगरही गेली. म्हणजे होडीला पाणी हवं आणि मगर बघायला ते नको. असं असूनही बरेच सफरवाले बाराही महिने ‘सकाळी नऊला’ एवढंच सांगतात.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. त्यात खाडीच्या आत पाणी आणखी उशिराने फिरतं, त्यामुळे नऊला बोलावलेली माणसं धक्क्यावर ताटकळणार. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराची भरती. होडी झकास चालते, पण काठ पाण्याखाली. त्यातल्या त्यात दशमी बरी. साडेसातची भरती आत तासभर उशिरा पोचते, नऊला भरल्या पाण्यात निघता येतं आणि पाणी उतरेल तसे काठ उघडे पडतात. शिवाय तेव्हा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, उधाण नव्हे, त्यामुळे पाणी पार तळाला जात नाही. महिन्यातून असे दिवस किती मिळणार? शुद्ध आणि वद्य पक्षातले प्रत्येकी दोन-तीन धरले तर चार ते सहा. त्यात रविवार जुळला तर नशीब.

दाभोळला हा खेळ नाही असं नाही, पण मुखाजवळ पाणी खोल आहे. समोरच्या काठावरच्या धोपाव्याची फेरीबोट गाड्या घेऊन ये-जा करते ती त्याच पाण्यात. इथली डोकेदुखी वाऱ्याची. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि खाडीतून मुखाकडे परतताना लाटा समोरून येतात. पाण्याचे फवारे पहिल्या फळीवर बसलेल्यांना भिजवतात. म्हणून सकाळी सातला निघावं आणि अकराच्या आत धक्क्याला लागावं. हा त्रास घड्याळ बघून टाळता येतो, गाळाचा तसा टळत नाही.

पन्हाळेकाजीपर्यंत होडीने जाऊ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. लेणी कोटजाई नदीच्या काठी, आतल्या बाजूला आहेत आणि तिथे गाडीनेच जावं लागतं. एकूण 29 लेणी. सुरुवात हीनयान बौद्धांची, मग वज्रयान हा तांत्रिक बौद्ध पंथ, पुढे शिलाहार राजांच्या काळात शैव आणि गणेशभक्त गाणपत्य, शेवटी नाथपंथ. एवढे थर एका जागी कोकणात क्वचितच सापडतात. दोन तास हाताशी ठेवावेत. चौदाव्या लेण्यातल्या नाथसिद्धांच्या मूर्ती लहान आणि झिजलेल्या आहेत. बॅटरी समोरून मारली तर सपाट दगड दिसतो, बाजूने तिरकी धरली तर आकृती उठून येतात. माहीतगाराची खरी गरज इथेच लागते, होडीत नव्हे. वटवाघळांचा वास सोसवत नसेल तर नाकाला रुमाल लावावा.

जेवणाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवायला हवं. आयत्या वेळी गावात काही मिळेल या भरवशावर राहू नये. सांगितलं असेल तर भात, कुळथाची पिठी, तळलेला मासा आणि सोलकढी घरच्या ओटीवर मिळते. वेळ उरला तर परतताना उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून यावं.

लहान मुलं बरोबर असतील आणि त्यांना मगरच हवी असेल, तर चिपळूणला पर्याय नाही. बाकीच्यांनी, आमचं ऐकायचं तर, दाभोळ धरावं. चिपळूणच ठरलं तर पैसे देण्याआधी फोनवर एकच विचारावं: त्या दिवशी धक्क्याला भरती किती वाजता? ‘आपली होडी कधीही जाते’ असं उत्तर आलं तर दुसरा होडीवाला बघावा.